गरम भाकरीची लाज

चारुशीलाबाई: झाकून ठेवा ते. कुणी येणार नाही जेवायला.

सोमेश: येणार नाही म्हणजे? बाई, पस्तीस माणसांचं आणलंय. पहाटे तीनपासून चुलीवर सगळ्या भाज्यांची भज्जी आहे. ताकातली आंबील आहे, बाजरीचे उंडे आहेत, खीर आहे. आज येळवस आहे हो, वेळ अमावस्या! आजच्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाताला धरून शेतात जेवायला बसवतात आपल्याकडं.

चारुशीलाबाई: मला येळवस शिकवू नका. तुळजापुरात जन्म गेलाय माझा. अमावस्येला शाळेत पोरं नसायची, सगळी शेतात. छत्तीस वर्षं रिकाम्या बाकांची हजेरी घेतलीय मी.

सोमेश: मग कारण काय? मघाशी वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये जाऊन म्हणालो, चला, शेतातलं जेवण आणलंय. एक माणूस उठलं नाही. खिडकीजवळचे ते आजोबा...

चारुशीलाबाई: शिवलिंगप्पा.

सोमेश: त्यांनी तर काठी आपटली. म्हणाले, तुझ्या घरचं पाणीपण नको. मी त्या माणसाला ओळखत नाही, बाई. माझं चुकलं काय ते तरी सांगा.

चारुशीलाबाई: खरंच विचारताय, का साळसूदपणा आहे हा?

सोमेश: खरंच विचारतोय.

चारुशीलाबाई: मग ऐका. जो स्वतःच्या आईला जेवायला घालत नाही, त्याच्या हातचं आम्ही खात नाही. काल सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुमचा फोन आला ना ऑफिसात, की मी येळवसचं घेऊन येतोय, तेव्हाच. इथली चूल आज बंद आहे, तरी चुरमुऱ्यांवर दिवस काढू म्हणाले सगळे.

सोमेश: कुणाच्या आईला?

चारुशीलाबाई: तुमच्या. उमाबाईंना. दीड वर्ष माझ्या शेजारच्या कॉटवर आहेत त्या. नळदुर्गात हायवेला कापडाचं दुकान, वर दोन मजले घर, आणि म्हाताऱ्या आईला भाकरी मोजून! सून सकाळी दोन भाकऱ्या झाकून खोलीला कडी लावायची म्हणे. लाज वाटली पाहिजे. मी बोलणार नव्हते, पण तुम्ही विचारलंत.

सोमेश: हे कुणी सांगितलं तुम्हाला?

चारुशीलाबाई: त्यांनीच. आणि गेल्या येळवसला? सगळं घर शेतात, कडब्याच्या कोपीत बसून हसतखेळत जेवतंय आणि ही बाई इथं भिंतीकडं तोंड करून. मी माझ्या ताटातलं चारलं त्यांना.

सोमेश: गेल्या येळवसला मी दोनदा गाडी घेऊन आलो होतो. सकाळी आलो तर म्हणाली, गुडघा धरलाय. दुपारी परत आलो, तर झोपलीय म्हणून निरोप आला.

चारुशीलाबाई: मला दिसला नाहीत.

सोमेश: गेटवरच्या वहीत नाव असेल माझं. बाई, एक विचारू? दिवाळी झाल्यावर माझ्या बायकोनं, शिवानीनं, अव्वाला, म्हणजे आईला, फोन केला होता. तुम्ही उचलला होता का?

चारुशीलाबाई: उचलला. उमाबाई अंघोळीला होत्या.

सोमेश: काय बोललात तिला?

चारुशीलाबाई: जे बोलायला पाहिजे तेच. की बाई गं, तुझीही मुलगी उद्या कुणाच्या घरात जाणार आहे. तिथं तिला कडी लावून कोंडलं म्हणजे समजेल. परत इथं तोंड दाखवू नकोस, म्हणाले.

सोमेश: म्हणून! म्हणून रडत होती ती. काय झालं म्हणून लई विचारलं, तर म्हणे, काही नाही, कांदा चिरत होते. त्या दिवसापासून इथं यायचं नावच काढत नाही. आजसुद्धा सगळं रांधलं, डबे भरले, गाडीत ठेवले आणि म्हणाली, तुम्हीच जाऊन या.

चारुशीलाबाई: मन खात असेल.

सोमेश: तुम्ही बोलू नका काही. अव्वा कुठंय?

चारुशीलाबाई: तुमची गाडी दिसली तशा उठून मागं गेल्या, वांग्याच्या वाफ्याकडं. भीती बसलीय तुमची. अहो, ओरडू नका इथं.

सोमेश: अव्वा! ए अव्वा!

उमाबाई: वरडू नगंस रं. बहिरी झाले का म्या? आले. कवा आलास? जेवलास का?

सोमेश: मी जेवलोय. तू इकडं बस. आणि ह्या बाईंना सांग.

उमाबाई: काय सांगू? आंबिलीचं मडकं आणलंस व्हय? ह्ये तर आपलं जुनं बिंदगं. माझ्या डोस्क्यावरनं नेत व्हते म्या शेतात, अनवाणी. शिवानीनं रंगीवलं वाटतं.

सोमेश: तिनंच रंगवलं. अव्वा, बाई काय म्हणतायत ते ऐकलंस का?

चारुशीलाबाई: मी काही वेगळं म्हणत नाही. उमाबाई, तुम्ही घाबरू नका, मी आहे इथं. तोंडावर सांगा यांच्या. दोन भाकऱ्या आणि कडी. सांगितलं होतंत ना मला? का मी खोटं बोलतेय?

सोमेश: बोल, अव्वा.

चारुशीलाबाई: उमाबाई?

सोमेश: अगं, माझ्याकडं बघ की. जमिनीकडं काय बघतीस... बरं. राहू दे. राहू द्या, बाई.

चारुशीलाबाई: राहू द्या काय?

सोमेश: बरोबर आहे तुमचं. चुकलं आमचं. घरात लक्ष राहिलं नाही माझं. दुकानात असतो दिवसभर. कडी लागली असेल कधी. सगळ्यांना माझ्याकडून माफी सांगा. हे डबे मी परत नेतो. हायवेला ट्रकवाले थांबलेले असतात, ते खातील. अव्वा, येतो मी. गुडघ्याला तेल लावत जा.

उमाबाई: ठिव त्ये खाली.

सोमेश: जाऊ दे गं.

उमाबाई: सोमू, बिंदगं खाली ठिव. त्येला माफी मागाया लावू नगा, बाई. त्येनं काय केलं न्हाय. कडी न्हाय न् काय न्हाय. माझ्या खोलीच्या दाराला कडीच न्हाय, पडदा हाय.

चारुशीलाबाई: काय म्हणताय तुम्ही?

उमाबाई: खोटं बोलले म्या. समदं खोटं. शिवानी माझ्या टाचांला कोकम लावून द्यायची रोज. भाकरी मोजायला तिला काय येळ हाय का? पैलं ताट माझंच वाढायची ती.

चारुशीलाबाई: मग इथं कुणी आणून टाकलं तुम्हाला?

उमाबाई: कुनी न्हाय. म्याच आले.

चारुशीलाबाई: स्वतःहून?

उमाबाई: व्हय. ह्यो नगं नगं म्हणत व्हता. पाया पडला माझ्या. शिवानीनं दोन दिस चूल पेटीवली न्हाय. तरी आले.

चारुशीलाबाई: का पण?

उमाबाई: सांगाया लाज वाटती.

सोमेश: आता सांगच. मलापण ऐकायचंय. दीड वर्ष झालं, रोज दुकान बंद करून वर गेलो की आम्ही दोघं तेच उकरत बसतो. काय चुकलं? कुठला शब्द लागला? शिवानी म्हणते, गौराईला मी त्यांना न विचारता साडी आणली, तेच असेल. मी म्हणतो, अप्पांचा पलंग मी हलवायला नको होता. विचारलं की तू म्हणतीस, काय न्हाय रं, तिथं बरं वाटतं. तेवढंच.

उमाबाई: तेवढंच हाय त्ये. खरंच तेवढंच हाय.

सोमेश: म्हणजे?

उमाबाई: तुझ्या अप्पांच्या पुण्यतिथीला आपन हितं जेवान दिलं व्हतं, ध्यानात हाय? जेवान देणाऱ्यानं बी पंगतीतच बसायचं, असा हितला रिवाज. मला बी बसवलं. बाराला घंटा झाली. समदे बसले. आन् तव्यावरची भाकर थेट माझ्या ताटात पडली. फुगलेली. वाफ व्हती तिला.

सोमेश: मग?

उमाबाई: मग काय? खाल्ली.

सोमेश: अव्वा, मला कळेना.

उमाबाई: तुला कसं कळंल? सोळाव्या वर्षी तुमच्या घरात आले. सासरा, दीर, दुकानातले गडी, मठातनं आलेले अय्या, रस्त्यानं जाणारे पावणे. समद्यांचं झालं की म्या. दोन वाजता, तीन वाजता. भाकर पापडावानी झालेली. कुनी उपाशी ठिवलं न्हाय मला, खोटं कशाला बोलू? पन गरम भाकर बसून खाल्लेली मला आठवत न्हाय. त्या दिवशी बाहत्तराव्या वर्षी कळलं, भाकरीला चव आसती.

सोमेश: पण शिवानी तुला आधी वाढायची की. आत्ताच म्हणालीस.

उमाबाई: वाढायची. ताट पुढ्यात आलं की वाटायचं, कुनाचं तरी वाढायचं ऱ्हायलंय. नातीनं पाणी मागितलं की म्या उठले. खाली दुकानाचं शटर वाजलं की उठले. शिवानी वरडायची, अवो बसा की. बसवत नव्हतं मला त्या घरात. त्या घरात म्या फकस्त उभीच ऱ्हायले रं. हितं घंटा झाली की बसते. दुपारी झोपते. कुनी दार वाजीवलं तरी म्या उठायचं नसतं. पैल्या दिशी झोपले ती चार वाजता उठले. उठल्यावर आदी इकडंतिकडं बघितलं, कुनी बघितलं तर न्हाय ना.

चारुशीलाबाई: हे मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

उमाबाई: सांगणारच व्हते. पैल्या दिशी सांजच्याला समदे वट्ट्यावर बसलेले. ईरण्णा म्हणले, तुम्हाला कुनी आणून टाकलं? तुमी समद्यांनी आपापलं सांगितलं. कुनाच्या लेकानं घर लिवून घेतलं, कुनाला जावयानं स्टँडवर सोडलं. शिवलिंगप्पांनी सदरा वर करून वळ दावला. आन् माझी पाळी आली. आता म्या काय म्हणू? माझं समदं धड हाय, म्या गरम भाकर खायाला आले म्हणू? भरल्या घरातनं उठून आलेली बाई ही, तिला कोन जवळ बसवून घेणार? वाटलं, हितं ऱ्हायाचं तर कायतरी दुख लागतं.

चारुशीलाबाई: म्हणून सुनेच्या नावानं...

उमाबाई: पैल्यांदा निस्तं म्हणले, सुनंचं न् माझं पटंना. तुमी लगेच उठून तुमची शाल माझ्या अंगावर घातली. दुसऱ्या दिशी तुमीच इचारलं, जेवाया देत व्हती का? म्या मान हालीवली. मग त्ये वाढतच गेलं. मागारी कसं फिरायचं त्ये कळंना. गेल्या येळवसला ह्यो आला तवा म्या ह्येला तुमच्यासमोर येऊ दिलं न्हाय. गुडघा धरला म्हणून पडून ऱ्हायले. दुपारी बी गड्याकरवी निरोप धाडला.

चारुशीलाबाई: आणि मी माझ्या ताटातली भाजी भरवली तुम्हाला.

उमाबाई: व्हय.

चारुशीलाबाई: गिळलीत कशी?

उमाबाई: गिळली.

चारुशीलाबाई: उमाबाई, मी तुम्हाला कैवल्यचं सांगितलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना. माझ्या मुलानं फोन नंबर बदलला आणि मला कळवला नाही, हे या जगात कुणाला ठाऊक नाही. इथं सगळ्यांना मी सांगते, तो परदेशात असतो, वेळ जमत नाही. तुम्हाला खरं सांगितलं. का, तर तुमचंही तसंच आहे वाटलं म्हणून. मला वाटलं, आपण दोघी सारख्या.

उमाबाई: ठावं हाय.

चारुशीलाबाई: माझं खरं दुःख तुम्ही खोट्या दुःखाच्या बदल्यात घेतलंत.

उमाबाई: बोला. लई बोला. म्या आयकून घेते. त्या गच्चीवरच सांगणार व्हते, शिवाची आन. तुमचं डोळं भरलेलं बघितलं न् तोंडच उघडंना. जिना उतरताना वाटलं, ह्या बाईचं म्या कायतरी चोरलंय.

सोमेश: बाई, रागावू नका तिच्यावर.

चारुशीलाबाई: तू गप्प बस. तुला कळतं का, तुझं नाव या पस्तीस माणसांत काय झालंय?

सोमेश: माझ्या नावाचं काय घेऊन बसलात? ते नळदुर्गात आधीच गेलंय. लोक दुकानात येतात, चार तागे उलगडायला लावतात, आणि जाताना पायरीवर विचारतात, मग, आई कशीय? मी सांगतो, मीच ठेवलं तिला तिकडं, माझाच निर्णय.

उमाबाई: तू असं सांगतूस?

सोमेश: मग काय सांगू? आई आपणहून गेली म्हटलं की लोक शिवानीकडं बघतात. नाहीतर म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. त्यापेक्षा मी बरा.

उमाबाई: तू भाईर माझ्यासाठी बेइज्जती घेतलीस आन् म्या हितं... शिव शिव शिव. मघाशी बी घेतलीस. मान खाली घालून, चुकलं म्हणालास. म्या बघत हुभी ऱ्हायले.

सोमेश: रडू नको. साकु, पुरे आता.

उमाबाई: साकु कसं? शिवानीला काय सांगशील?

सोमेश: बघू. चल, घरी चल आज. कोपीत अजून सगळे आहेत.

उमाबाई: येते. पन सांजला परत हितंच आणून सोडायचं. ह्ये आदी सांगते. म्हंजे, ह्यांनी ठिवून घेतलं तर.

चारुशीलाबाई: छत्तीस वर्षं शिकवलं मी. दोन पोरं भांडत आली की आधी दोघांचंही ऐकायचे, मग छडी. आणि त्या मुलीला फोनवर एक शब्द बोलू दिला नाही. ती नुसती म्हणत होती, बाई, अहो बाई. मला वाटलं, काय हे सोंग.

उमाबाई: त्ये बी माझ्याच पायी.

चारुशीलाबाई: नाही. तुमचं तुमच्यापाशी. जीभ माझी होती. सोमेश, फोन लाव तिला.

सोमेश: आत्ता?

चारुशीलाबाई: आत्ता. लागला? दे इकडं. शिवानी, मी चारुशीलाबाई बोलतेय. ठेवू नकोस. ऐक फक्त. मी तुला जे बोलले, ते सगळं खोटं होतं आणि मी ते न तपासता बोलले. वयानं मोठी आहे म्हणून माफी मागायची चुकवणार नाही. चुकले मी... नाही, तुझ्या सासूबाईंना बरं आहे. फार बरं आहे... काय? हो. विचारते. उमाबाई, ती विचारतेय, आंबिलीत लसूण जास्त झालाय का?

उमाबाई: काय सांगू आता हिला? न्हाय म्हणावं. न चाखताच सांगा, न्हाय म्हणून. म्या आत्ता ह्येच्यासंगं येते म्हणावं, माझ्या तोंडानं सांगते तिला. फोनवर न्हाय.

चारुशीलाबाई: ऐकलंस ना? हां. ठेवते.

उमाबाई: बाई, किती वाजलं?

चारुशीलाबाई: अडीच.

उमाबाई: घंटा बाराची आन् सातची. ती वाजवायचं काम माझं. आज मदीच वाजीवली तर चालंल का?

चारुशीलाबाई: कशाला?

उमाबाई: एकेकाला सांगत बसले तर दम ऱ्हायचा न्हाय. निम्म्यांला सांगीन न् निम्म्यांला उद्यावर ढकलीन. माझी मला खोड ठावं हाय.

सोमेश: अव्वा, मी सांगतो त्यांना. तू बस.

उमाबाई: न्हाय. तू लई सांगितलंस.

(घंटा वाजते. काठ्या, चपला, कॉटच्या पट्ट्यांचा आवाज. वट्टा हळूहळू भरतो.)

उमाबाई: ही जेवणाचीच घंटा हाय. पन आदी आयका. शिवलिंगप्पा, तुमी फुडं या, तुम्हाला कमी आयकू येतं. ह्यो माझा ल्योक, सोमेश. ह्येनं मला टाकलं न्हाय. ह्येच्या बायकूनं मला उपाशी ठिवलं न्हाय. म्या तुम्हाला दीड वरीस खोटं सांगितलं. म्या हितं आपल्या पायानं आले, कारन हितं मला बसून जेवायला मिळतं आन् दुपारची झोप लागती. बस. दुसरं काय न्हाय. ह्येनं मला टाकलं न्हाय. म्याच ह्येला टाकून आले.

सोमेश: अव्वा, बास.

उमाबाई: मला हितं लई बरं वाटतं. त्येचीच लाज वाटत व्हती म्हणून समदं केलं. आता खोट्याची वाटती. तुमची कीव म्या फुकट खाल्ली. ज्येला माझं तोंड बघायचं नसंल त्येनं बघू नगा, पन आंबील प्या. ती शिवानीनं केलीय, तिचा काय गुन्हा न्हाय. येळवसला जेवान परत जाऊ देऊ नगा.

सोमेश: ते बघ, एक जण उठून आत गेले.

उमाबाई: ईरण्णा हायती ते. जाऊ दे. त्येंनी मला त्येंच्या नातवाची चादर दिली व्हती पांघरायला. जाऊ दे त्येंला.

चारुशीलाबाई: सोमेश, मागं बघ. शिवलिंगप्पा वाटी घेऊन उभे आहेत. घे, ओगराळं घे हातात. मी भज्जी वाढते. अहो, रांगेत बसा सगळे, ढकलाढकली नको, शाळेतली पोरं बरी तुमच्यापेक्षा.

सोमेश: आजोबा, बस, का अजून वाढू? घ्या की. घरचंच आहे.

उमाबाई: उंडे म्या वाढते. तुमी बसा, बाई, तुमचं पाय सुजतात.

चारुशीलाबाई: तुम्ही कुठं निघालात?

उमाबाई: समद्यांचं होऊ दे. म्या मागनं बसते.

चारुशीलाबाई: मागून का?

उमाबाई: आज माझ्या घशाखाली उतरायचं न्हाय.

चारुशीलाबाई: ज्याच्यासाठी एवढं खोटं बोललात, ते तरी सोडू नका. बसा इथं, माझ्या शेजारी. मी तुमच्याशी बोलत नाहीये, हे लक्षात असू द्या. किती दिवस ते मला माहीत नाही.

उमाबाई: व्हय.

चारुशीलाबाई: पाय पसरून बसा, गुडघा दुखेल. सोमेश, इकडं ये रे. आधी आईला वाढ.